फ्रोजन उंदीर ऑनलाइन मागवले: माल चांगला, पण पाकिटावरच्या साइजवर जाऊ नका

आम्ही डॅलसला असतो, लेकाचा कॉर्न स्नेक (अमेरिकेतला बिनविषारी साप) आहे, हे उंदीर त्याच्या खाण्यासाठी; मादी, नाव जिलबी (केशरी आहे आणि दिवसभर वेटोळं घालून बसते म्हणून). भारतात आपले देशी साप घरात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे ते माहितीये, इथे कॉर्न स्नेक सरळ पेट शॉपमध्ये मिळतो, तेव्हा त्यावरून लेक्चर नको प्लीज.

माल एक नंबर. भर उन्हाळ्यात थर्माकोलच्या खोक्यात ड्राय आइस घालून आला आणि सगळं टणक गोठलेलं, वास नाही काही नाही. दुकानापेक्षा नगामागे बराच स्वस्त पण शिपिंग एवढं लावतात की थोडे मागवले तर परवडत नाही.

तक्रार आहे ती साइजची. पिंकी म्हणजे नुकतं जन्मलेलं बिनकेसांचं पिल्लू, २-३ ग्रॅमचं, फझीला जरा लव आलेली असते, मग हॉपर म्हणजे उड्या मारायला लागलेलं, ७ ते १२ ग्रॅम धरा, पुढे वीनर (दूध सुटलेला) आणि अडल्ट. पण ही नावं ज्याची त्याची. एकाच हॉपरच्या पाकिटातला एक ७ ग्रॅम भरला आणि दुसरा १३, म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि साप ६० ग्रॅमचा असेल तर हे चालत नाही हो. वाढत्या कॉर्नला त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के, आठवड्यातून एकदा, आणि उंदीर सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढाच जाड, एवढा साधा हिशोब असतो. म्हणजे ६० ग्रॅमला ६ ते ९. १३ चा दिला तर गिळेलही, पण दोन दिवसांनी उलटून टाकायचे चान्सेस, आणि तसं झालं की दहा-चौदा दिवस उपास आणि मग छोट्यापासून परत सुरुवात. म्हणून स्वयंपाकघरातल्यासारखा डिजिटल काटा घ्या, वेगळा. रिकामा डबा ठेवून शून्य करायचं, जिलबीला आत सोडायचं, आकडा लिहून ठेवायचा. उंदीरही त्यावरच.

खाल्ल्यावर पोटाशी लहानसा फुगवटा दिसला की बरोबर गेलं. ती नंतर काचेला नाक लावून फिरत बसते त्यावर जाऊ नका, कॉर्न स्नेक कधीच पुरे म्हणत नाहीत. आमच्या आई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर बघतात आणि दर वेळी "बारीकच आहे गं ती, अजून एक दे की", म्हणजे नातवंडांना केला तो आग्रह आता सापालाही! पण साप जाड झाला की उतरवणं महाकठीण. मोठी झाल्यावर तर टक्के अजून कमी करायचे आणि गॅप वाढवायचा, पूर्ण वाढलेल्याला दहा-चौदा दिवसांनी एक उंदीर पुरतो. डोळे निळसर झाले की कात टाकायची वेळ, तेव्हा खाल्लं नाही तर टेन्शन घेऊ नका.

उंदीर आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात. मायक्रोवेव्ह अजिबात नाही, फुटतो (पुढचं सांगत नाही). आणि गोठवल्याने साल्मोनेला (पोट बिघडवणारे जंतू) मरत नाही, तेव्हा मटारच्या पिशवीशेजारी ठेवू नका, वेगळा बंद डबा करा आणि नंतर हात साबणाने धुवा.

४ स्टार. पाकिटावर नावाऐवजी ग्रॅम छापले असते तर पाचवा पण दिला असता.

आणि हो, ५० पिंकींच्या पाकिटावर डिस्काउंट दिसेल, सापाचं पिल्लू असेल तर मोहात पडू नका, ते भराभर पुढच्या साइजला जातं. फझी-हॉपरही २०-२५ च्या वर नको. उरल्याच पिंकी तर मोठ्या उंदराऐवजी दोन एकदम द्या, टोटल वजन जुळलं की झालं. अडल्टचं मात्र मोठं पाकीट बिनधास्त घ्या, तिथून साइज बदलत नाही.