जप्त सामान सांभाळणारी सेवा: गरजेची, पण अपुरी

अमेरिकेतील एका शहरात बेघरांच्या छावण्या हटवताना जप्त केलेले सामान सांभाळणारी पालिकेची गोदाम-सेवा मी स्वयंसेवक म्हणून जवळून पाहिली. कर्मचारी सौजन्याने वागतात, पावती देतात आणि शुल्क घेत नाहीत. मात्र गोदाम इतके दूर आहे आणि त्याची वेळ इतकी थोडी आहे की, ज्याच्याकडे बसभाडे नाही आणि ज्याला उरलेले सामान रस्त्यावर सोडून जाता येत नाही, त्याचा हक्क पावतीपुरताच राहतो. सर्वांत गंभीर बाब औषधे आणि ओळखपत्रांची आहे. ती गेली की उपचार थांबतात, निवाऱ्याचा अर्जही अडतो, तरी नोंदीत केवळ ‘एक पिशवी’ असे लिहिलेले असते.

लॉस एंजेलिस शहराविरुद्ध बेघरांनी केलेल्या लॅव्हन खटल्यात २०१२ मध्ये नवव्या सर्किट अपील न्यायालयाने (अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांसाठीचे संघीय अपील न्यायालय), मालकाने टाकून न दिलेले सामान जप्त करून तत्काळ नष्ट करण्यास मनाई करणारा अंतरिम आदेश कायम ठेवला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ मधील, ओरेगनमधील ग्रँट्स पास शहराच्या खटल्यातील निकालाने उघड्यावर मुक्काम करणाऱ्यांना दंड करण्याची वाट मोकळी झाली, हे दुःखदच आहे. परंतु बेघरांच्या सामानावरील हक्काचा प्रश्न त्या निकालापुढे नव्हता. त्यामुळे औषधे व कागदपत्रे जप्तच न करता जागेवर मालकाच्या हाती देणे, एवढा बदल तरी या सेवेने तातडीने करावा.