अळू आणि मायाळू – आठ महिने बाल्कनीत लावून, खाऊन आणि खाजवून झाल्यावरचा अनुभव

सप्टेंबरातच लिहिणार होतो, पण तेव्हा डोकं इतकं फिरलेलं की नुसत्या शिव्याच लिहिल्या गेल्या असत्या. आता जरा शांत झालोय म्हणून लिहितो.

आमची डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर बाल्कनी, पूर्वेचं ऊन, ग्रिल. मे महिन्यात एका नर्सरीतून वडीचं अळू आणलं, ९० रुपये. त्याला टब १८०, कोकोपीट ६०, शेणखत ५०, म्हणजे ३८० रुपये गेले. बाजारात जुडी २० ला मिळते, म्हणजे १९ जुड्या निघाल्या की पैसे वसूल, असा सरळ हिशोब. आणि मायाळू, ती वेलीची पालेभाजी? समोरच्या काकूंनी तिच्या लाल देठाच्या दोन काड्या दिल्या, फुकट. त्या फुटक्या बादलीला भोकं पाडून खोचल्या. आठवड्यात पालवी.

मेमधला प्रॉब्लेम म्हणजे पाणी. अळूला सावली चालते, पण माती सुकलेली अजिबात चालत नाही, सकाळी घालून ऑफिसला गेलो तर संध्याकाळी पानं मान टाकून बसलेली. टँकरच्या दिवसांत बायको म्हणाली माणसांना पाणी नाही आणि हा कोण जावई आणून ठेवलायस. मग एक आयडिया केली, एसीचा पाइप टबात सोडला. रात्रभर ठिबकतं, सकाळी माती गच्च, बिल तर तसंही भरतच होतो. फक्त वर पाणी साचू द्यायचं नाही, डास होतात. यावर मी प्रचंड खूश होतो, येणाऱ्या प्रत्येकाला तो पाइप दाखवायचो. पहाटे पाहिलं तर पानाच्या टोकाला एकेक थेंब लोंबत असतो, मला वाटलं एसीचं पाणी उडतंय, पण नाही, जास्तीचं पाणी झाडच टोकातून बाहेर टाकतं. वरून ओतलेलं पारा होऊन घरंगळतं, अळवावरचं पाणी म्हणतात ते, आणि आतलं असं गळतं.

मायाळूने या काळात काहीच मागितलं नाही. ऊन द्या, एक दिवसाआड पाणी द्या, चढायला सुतळी द्या. शेंडा खुडला की खाली दोन फुटतात, दर दहा-बारा दिवसांनी एक भाजी.

आता मुद्द्याची गोष्ट, खाज.

गौरीच्या जेवणाला मी स्वतः वड्या केल्या. शिरा लाटून, बेसन, चिंचगूळ, गोडा मसाला, तीळ, सगळं रीतसर. वाफवल्या, तळल्या, दिसायला एक नंबर. मावशीच्या यजमानांनी पहिली वडी खाल्ली आणि बोलता बोलता थांबले. मग खाकरले. मग पाणी, मग दही, मग नुसतंच घशाला हात लावून बसले. तोवर मीही एक खाल्लेली, जिभेच्या मागे कोणीतरी काचेचा चुरा टाकल्यासारखं वाटत होतं. पंगतीत अकरा माणसं आणि सगळ्यांचे चेहरे सारखे. ताटात गौरीचा नैवेद्य, त्यामुळे टाकताही येईना. मावशी अजून फोनवर आधी विचारते, "काय रे, वड्या नाहीत ना केल्यास?"

दुसऱ्या दिवशी उरलेला एक रोप-कंद पिशवीत घालून नर्सरीत गेलो. तो माणूस शांतपणे म्हणाला, पानं तर खाल्लीत ना साहेब, मग परत काय घेऊ? मी म्हटलं वडीचं म्हणून दिलंत, तर म्हणे वडी कसलीही होते. अर्धा तास वाद घातला. ९० रुपये गेले ते गेलेच, वर रिक्षाचे ४०. तेव्हा विचारलं असतं तर मी म्हणालो असतो अळू शून्य, मायाळू दहापैकी दहा, विषय संपला.

पण आई गावाहून, मालवणहून आली, तिने टबाकडे एकदाच बघितलं आणि म्हणाली, "अरे, देठ बघ. हिरवागार आहे. हे भाजीचं. वडीचं काळपट देठाचं असतं, एवढं कळत नाही?" म्हणजे चूक नर्सरीवाल्याची होतीच, पण थोडी माझीही. खाज येते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे, ते घशात टोचतात. भाजीच्या अळूत जास्त जाणवते, आणि मी पानंही जून घेतलेली, चिंच बेताची, वाफवलं वीस मिनिटं. आईने त्याच पानांचं फदफदं केलं, हाताला तेल लावून चिरलं, चणाडाळ, शेंगदाणे, मुळ्याच्या चकत्या, आंबट चुका, वर चिंचेचा कोळ, आणि कुकरला लावून मग रवीने घोटलं. कोणालाही काही झालं नाही. सोललेल्या देठांची दह्यातली देठी केली ती वेगळीच. मी तीन वाट्या भात त्या फदफद्याबरोबर खाल्ला आणि मत बदललं, लिहितोय ना, प्रामाणिकपणे सांगतो.

आणि साधारण त्याच सुमारास मायाळूचं खरं रूप दिसायला लागलं. भजी उत्तम होते, पान पिठात बुडवून तळलं की पालकाच्या भज्यापेक्षा मऊ, डाळीतही चांगली. पण नुसती परतली की बुळबुळीत, माझा मुलगा तिला शेंबडी भाजी म्हणतो आणि ताट सरकवतो. ताक घातलं, बेसन लावलं, बुळबुळ कमी होते, जात नाही. गोव्यात हिला वालची भाजी म्हणतात (आपल्या कडव्या वालाचा काही संबंध नाही) आणि सुंगटं म्हणजे कोळंबी घालून करतात, बंगाली लोक पुईशाक म्हणून इलिश माशाच्या डोक्याबरोबर खातात. कोळंबी घालून केली तेव्हा तोच मुलगा दोनदा मागून खातो झाला. पण मग फुकटची भाजी कसली, पाव किलो कोळंबी आली की.

दिवस लहान व्हायला लागले तशी वेल फुलोऱ्यावर गेली, पानं बारीक, आणि जांभळी फळं लागली, मिऱ्यापेक्षा थोडी मोठी. दिसायला फार सुंदर. बुलबुल येतात, खातात आणि खालच्या मजल्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जांभळी पावती देऊन जातात. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी पांढरा शर्ट घेऊन दारात उभ्या. शर्टाचे पैसे घेतले नाहीत त्यांनी, पण त्या दिवसापासून लिफ्टमध्ये बोलत नाहीत. आता फुलोरा दिसला की लगेच खुडायचा, हा धडा. बी हवी असेल तर चार फळं ठेवा आणि जाळी बांधा.

रोगाचं म्हणाल तर पावसात मायाळूवर लाल कडेचे ठिपके पडतात, ती पानं काढून टाकायची. अळूवर एकदा अळ्या आल्या, हाताने वेचल्या. दोघांनाही औषध मारलं नाही. मुतखड्याचा त्रास असेल तर मात्र दोन्ही भाज्या डॉक्टरांना विचारून खा, ऑक्झलेट मायाळूतही भरपूर असतं, फक्त ती खाजत नाही म्हणून कळत नाही.

हिशोब: टबाने आजवर जेमतेम आठ जुड्यांएवढी पानं दिली. आता थंडीत अळूची वाढ थांबलीये. टब उपसला तर अकरा अळकुड्या, म्हणजे अळूचे कंद, निघाल्या, त्या उकडून चिंचेत केल्या, जुडीच्या भावाने धरल्या तर अजून दोन. म्हणजे नऊ जुड्या अजून बाकी आहेत माझ्या. आईने जाताना काळ्या देठाचा कंद पाठवते म्हणून सांगितलंय, तो टबात जाईल. हिरव्या देठाची तीन पिल्लं बाजूला डब्यात काढून ठेवलीयत, फदफद्यासाठी कोणाला हवी असतील तर डोंबिवली पूर्वेत येऊन घेऊन जा, मायाळूच्या काड्याही देईन. डबा आपापला आणा.