तयार चित्रं घ्यावीत की हात बसवावा? आधी गोष्टीतली क्रियापदं मोजा

ॲनिमेशनमध्ये, म्हणजे हलत्या चित्रांत, सांगायची गोष्ट तीन मिनिटांची होती. नऊवारीतली आजी, तिचा नातू, चूल, भाकरी आणि दारात येऊन बसणारं मांजर. मला घाई होती, म्हणून खेड्यातल्या माणसांचा एक तयार चित्रसंच विकत घेतला. त्यातली म्हातारी डावीकडे तोंड करून उभी होती आणि मला ती उजवीकडे बघणारी हवी होती. चित्र आरशासारखं उलटवलं आणि कामाला लागले. दोन दिवसांनी आईला तुकडा दाखवला, तर तिने पहिलाच प्रश्न विचारला, “हिचा पदर उजव्या खांद्यावर का गं?”

चित्र उलटलं की पदरही उलटतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नथ उजव्या नाकपुडीत गेली होती. नीट पाहिलं तर ती साडी नऊवारी नव्हतीच, काष्टा कुठे नव्हता. आणि म्हातारीला बसताच येत नव्हतं. तिचे पाय फक्त उभं राहायला आणि चालायला केलेले होते. चुलीपुढे बसून भाकरी थापणारी आजी मी त्या चित्रातून कशी काढणार होते?

मुलांसाठी गोष्टींचे व्हिडिओ करू पाहणारे, शाळेसाठी धडे तयार करणारे शिक्षक हे मला नेहमी विचारतात: चित्रकला येत नाही, तयार चित्रांवर भागेल का, की शिकावंच लागेल? मी त्यांना आधी एक काम सांगते. गोष्ट कागदावर लिहा आणि पात्रं जे जे करतात त्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढा. येते, जाते, बोलते, बघते, दाखवते, थांबते, हसते ही क्रियापदं बाजारात मिळतात. थापते, फुंकते, हिरमुसतो, उकिडवा बसतो, कुशीत शिरतो, पदरात तोंड लपवतो ही मिळत नाहीत. माझ्या गोष्टीत ३१ क्रियापदं निघाली आणि त्यातली १४ दुसऱ्या जातीची. हा हिशोब संच विकत घेण्याआधी केला असता तर पैसेही वाचले असते आणि ते दोन दिवसही.

तयार चित्रं जिथे खरोखर पुढे आहेत

जलचक्र समजावायचं आहे, बँकेचं व्याज समजावायचं आहे, हात धुण्याची पद्धत दाखवायची आहे. इथे पात्राने एका बाजूला उभं राहून बोट दाखवायचं आणि बोलायचं, एवढंच काम असतं. अशा कामाला तयार चित्रंच घ्यावीत. त्यात कमीपणा काहीच नाही.

आकडे बघा. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एकामागून एक दिसणारी स्थिर चित्रं, असतात. हाताने काढणारे बहुधा एक चित्र दोन फ्रेम धरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं, मिनिटाला ७२०. तीन मिनिटांची गोष्ट पूर्ण हाताने काढायची तर एका पात्राची २,१६० चित्रं होतात. कटआउट पद्धतीत एकच बाहुली लागते. तिचे अवयव सुटे असतात, सांध्यांवर फिरतात, तुम्ही मुख्य स्थिती लावता आणि मधल्या फ्रेम संगणक भरतो. एकट्या माणसाला नोकरी सांभाळून दर महिन्याला व्हिडिओ द्यायचा असेल तर हा फरक दुर्लक्षिता येत नाही.

ही युक्ती संगणकाच्या फार आधीची आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजातले कलाकार चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे नाचवून रामकथा सांगत आले आहेत. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. बाहुली एकदा कोरली की तीच खेळामागून खेळ चालते. जिवंतपणा येतो तो चालवणाऱ्याच्या हातातून आणि आवाजातून. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा चित्रपट केला, तो तर चक्क आगपेटीतल्या काड्या सरकवून. फाळके जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले होते, त्यांना चित्र काढता येत होतं. तरी त्यांनी हाताशी होती ती वस्तू घेतली आणि तिच्यात हालचाल भरली. तयार चित्र वापरणाऱ्याला कोणी नावं ठेवली तर मला हा चित्रपट आठवतो.

ओठांच्या हालचालीतही तयार संच पुढे आहे. तोंडाचे सात-आठ आकार असले की मराठी संवाद निभावतो. प, ब, भ, म आलं की ओठ मिटलेच पाहिजेत, आणि आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी मिटले तर डोळ्याला बरं वाटतं. आ ला मोठं उघडं तोंड, उ आणि ओ ला गोल. ळ आणि ण साठी वेगळं काही नको, जीभ आतच वळते, बाहेर दिसत नाही. एक मात्र तपासा. इंग्रजीसाठी केलेल्या संचात वरचे दात खालच्या ओठावर टेकलेला एक आकार असतो आणि तो आपोआप ‘फ’ ला लागतो. आपल्याकडे बऱ्याच जणांचा ‘फ’ ओठ मिटून सुटतो. आवाज देणाऱ्याचा ‘फ’ ऐका आणि मग आकार निवडा.

जिथे ती अडतात

पहिली अडचण सांध्याची. दिसायला सुंदर असलेलं चित्र सपाट, एकाच लेयरवर, म्हणजे एकाच थरावर आलेलं असतं. त्याचा हात कापून वेगळा केला की हातामागे पोटावर भोक पडतं, आणि ते तुम्हालाच रंगवून भरावं लागतं. कोपर वाकवलं की दंड आणि हात यांच्यामध्ये फट दिसते. यावरचा उपाय जुना आहे: दोन्ही तुकड्यांची टोकं एकाच मापाची गोल करायची, एकमेकांवर चढवायची आणि फिरण्याचा बिंदू नेमका त्या गोलाच्या मध्यावर ठेवायचा. मग हात कितीही वाकवा, फट दिसत नाही. पण हे करताना तुम्ही चित्रच काढत असता. म्हणून विकत घेण्याआधी फाइल लेयर सुटे करून दिलेली आहे का, एवढं तरी विचाराच.

दुसरी अडचण मिसळणीची. आजी एका संचातली, नातू दुसऱ्या, घर तिसऱ्या. आजीची बाह्यरेषा जाड, नातवाची बारीक. नातू मोठा केला की त्याची रेषाही फुगते. घर वरून बघितल्यासारखं, माणसं समोरून, म्हणून ती जमिनीवर टेकल्यासारखी वाटतच नाहीत. प्रत्येक चित्र सुटं चांगलं असतं, पण एका चौकटीत ती एकमेकांना परकी दिसतात. निदान माणसं तरी एकाच संचातून घ्या आणि सगळ्यांवर एकच सावलीची बाजू ठेवा.

तिसरी अडचण आपल्या घरांची. उखळ, जातं, घोंगडी, तुळशीवृंदावन, मुंडावळ्या, फेट्याचा शेमला हे सगळं ‘भारतीय’ नावाच्या संचात शोधलं की बहुतेक वेळा उत्तरेकडचं काहीतरी हाती येतं. ज्या मुलांनी घरात आजीला नऊवारीत पाहिलंय त्यांना ते लगेच खटकतं. ज्यांनी पाहिलेलं नाही, परदेशात वाढणारी आपली मुलं धरून, त्यांना तेच खरं वाटू लागतं. मला दुसऱ्या गोष्टीची चिंता जास्त वाटते.

एआयने बनवलेलं चित्र मी याच रांगेत धरते. चेहरा देखणा मिळतो. पण तीच आजी, त्याच साडीत, त्याच काठासह, दुसऱ्या कोनातून मागितली की काठ बदलतो. बोटं, सांधे आणि लेयर यांचं काम उरतंच.

लायसन्स: कंटाळवाणं, पण आधी वाचा

गूगलवर दिसलं म्हणजे फुकट झालं नाही. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे चित्रकाराने आधीच वापराची मुभा दिल्याचं चिन्ह असेल तर पुढची अक्षरं बघा. सीसी झिरो म्हणजे मोकळं. केनी या नावाने मिळणारी व्हिडिओ गेमसाठीची चित्रं अशीच आहेत. ‘बाय’ असेल तर चित्रकाराचं नाव द्यायचं. ‘एनसी’ असेल आणि तुमच्या चॅनेलला जाहिरातींचे पैसे मिळत असतील तर ते चित्र सोडून द्या. ‘एनडी’ असेल तर चित्रात बदल करून ते पुढे देता येत नाही, आणि हातपाय सुटे करून हलवणं हा बदलच आहे.

विकत घेतलेल्या चित्रांतही एक मेख असते. साधारण लायसन्समध्ये व्हिडिओत वापरायची मुभा असते, पण ते पात्र तुमचा लोगो म्हणून नोंदवता येत नाही आणि टी-शर्टवर छापून विकायला वेगळे पैसे पडतात. शिवाय तीच म्हातारी उद्या एखाद्या मसाल्याच्या जाहिरातीत दिसू शकते. एका पात्राभोवती वर्षानुवर्षं मालिका चालवायची इच्छा असेल तर ते पात्र तुमच्या मालकीचं हवं, मग ते स्वतः काढा किंवा चित्रकाराकडून हक्कांसह लेखी करून घ्या.

शिकायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं

‘चित्रकला शिका’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पेन्सिलने शेडिंग केलेलं पोर्ट्रेट येतं आणि ते मागे सरतात. ॲनिमेशनला ते लागत नाही.

शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना आठवेल: वस्तुचित्रात तांब्या आणि फळं समोर मांडलेली असायची, बघून काढायचं. स्मरणचित्राला मात्र समोर काहीच नसायचं. ‘नळावरची गर्दी’ किंवा ‘बाजार’ असा विषय असला की आम्ही घोकून ठेवलेली, डोक्यावर हंडा घेतलेली एकच बाई सगळीकडे बसवायचो. म्हणजे तयार चित्रच, फक्त डोक्यात साठवलेलं. ॲनिमेशन हे सगळं स्मरणचित्र आहे. बाई हंडा उचलते तेव्हा आधी गुडघे वाकतात, मग कंबर मागे जाते, मग हंडा जमीन सोडतो. हा क्रम डोक्यात असणं हीच खरी चित्रकला. बाकी सजावट.

आणि आकृती किती साधी चालते हे वारली चित्रांत बघा. दोन त्रिकोण, एक गोल डोकं आणि काही रेघा. एवढ्यात भातलावणी दिसते, तारपा नाच दिसतो, झाडावर चढणारा माणूस दिसतो. चेहऱ्यावर डोळेसुद्धा नसतात, तरी कोण दमलंय ते कळतं. एवढं जमलं तर तुमच्या यादीतली दुसऱ्या जातीची निम्मी क्रियापदं हाती आली.

माझा क्रम असा होता. पहिले दोन आठवडे फक्त उडणारा चेंडू. वर गेल्यावर तो रेंगाळतो, म्हणून तिथे चित्रं जवळजवळ. खाली येताना वेग घेतो, म्हणून चित्रं लांब लांब. जमिनीला टेकताना किंचित चपटा. मग पिठाची अर्धी भरलेली गोणी, तिला रुसवायचं, उडी मारायला लावायचं. मग रोज एसटी स्टँडवर अर्धा तास, प्रत्येक माणसाला तीस सेकंद, चेहरा नाही, फक्त पाठीची रेघ आणि भार कोणत्या पायावर आहे ते. रोज एक तास धरला तर सहा महिन्यांत साध्या आकृत्यांपुरता माझा हात माझं ऐकू लागला. देखणं चित्र मला आजही काढता येत नाही.

खर्चाची भीती नको. बिनपडद्याचा छोटा पेन टॅबलेट, म्हणजे संगणकाला जोडून पेनने चित्र काढायची पाटी, काही हजारांत मिळतो. चित्रं काढायचा क्रिता हा प्रोग्राम मोफत आहे, ब्लेंडर या ॲनिमेशनच्या प्रोग्राममधलं हाताने काढायचं साधन, ग्रीस पेन्सिल, मोफत आहे, आणि जपानच्या घिबली या ॲनिमेशन स्टुडिओने वापरलेल्या टूंझ या प्रोग्रामची खुली आवृत्ती, ओपनटूंझ, २०१६ पासून मोफत मिळते. कागद आणि मोबाइलचा कॅमेरा यांवरही चेंडू उडवता येतो.

मग कोणी काय करावं

शिक्षक असाल आणि पुढच्या महिन्यात धडा हवा असेल, तर तयार चित्रं घ्या आणि वेळ आवाजावर, लिखाणावर घालवा. गोष्टी सांगायच्या असतील तर आजपासून चेंडू सुरू करा, पण पहिले व्हिडिओ अडवून ठेवू नका. पार्श्वभूमी, भांडी, झाडं तयार घ्या आणि क्रियापदं स्वतः काढा. एकच पात्र घेऊन दीर्घ मालिका करायची असेल आणि हात चालत नसेल, तर संचांवर थोडे थोडे पैसे घालवण्यापेक्षा एखाद्या चित्रकाराला योग्य मोबदला देऊन बाहुली करून घ्या. आपल्याकडे कला महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणारी मुलं हे काम उत्तम करतात आणि त्यांना काष्टा कसा घालतात ते सांगावं लागत नाही.

माझी आजी शेवटी अशी झाली. घर आणि मांजर विकतचंच राहिलं. आजी मी साध्या आकारांत पुन्हा काढली, दोन्ही बाजूंना बघणारी वेगवेगळी, म्हणजे पदर जागेवर राहील. भाकरीसाठी चार चित्रं: पंजा वर, पंजा खाली येताना, टेकलेला, आणि उचलताना. टेकलेलं चार फ्रेम धरलं, बाकीची दोन-दोन. पहिल्यांदा लावलं तेव्हा आजी पाटावर थापट्या मारतेय असं वाटलं. कारण भाकरी जागची हलत नव्हती. मग दर थापेला ती थोडी फिरवली आणि कडेने जरा जरा मोठी केली. तो तुकडा आईला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “परातीत पीठ भुरभुरलेलं दिसत नाही. चिकटेल ना भाकरी.”

त्या रात्री मी परातीत पीठ काढलं.