धरणावर कोणता त्वरणमापक: फोर्स-बॅलन्स की मेम्स?

११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणातल्या यंत्राने ०.६३ जी, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या ६३ टक्के इतकं त्वरण नोंदवलं. असं यंत्र म्हणजेच त्वरणमापक. फोर्स-बॅलन्स प्रकारात आतलं वजन विद्युतबलाने जागेवर धरलेलं असतं आणि त्या बलावरून त्वरण कळतं; मेम्स म्हणजे चिपवर कोरलेला इवलासा मापक. ±२ जी पल्ल्याचे, म्हणजे गुरुत्वाच्या दुपटीपर्यंत मोजणारे, दोन्ही त्वरणमापक एवढं सहज पेलतात. खरा फरक बारीक हादऱ्यांत दिसतो. गुरुत्वाच्या लाखाव्या भागाइतकी हालचाल फोर्स-बॅलन्स स्वच्छ टिपतो. स्वस्त मेम्स चिपमध्ये ती चिपच्याच विद्युत गोंगाटात बुडते. कोयनेसारख्या ठिकाणी छोटे धक्केच जास्त, त्यामुळे हे नुकसान मोठं.

किंमतीत मेम्स सरळ जिंकतो: एका फोर्स-बॅलन्सच्या पैशांत कितीतरी येतात.

बसवण्याची मेहनत मात्र सारखीच, आणि नोंदी बिघडतात त्या इथेच. यंत्र काँक्रीटमध्ये अँकर बोल्टने आवळा, पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणा, एक अक्ष धरणाच्या अक्षाला समांतर ठेवून दिशा लिहून ठेवा. बोल्ट सैल राहिला तर खोकंच खडखडतं आणि नोंदीत खोटी टोकं उमटतात. धरणाच्या आतल्या गॅलरीत, म्हणजे बोगद्यात, जीपीएस पोचत नाही; अँटेना बाहेर काढली नाही तर त्यावरून वेळ लावणारं यंत्राचं घड्याळ सरकतं आणि पाया-माथ्याच्या नोंदी जुळत नाहीत. बॅटरी दर तपासणीला लोड देऊन मोजा.

धरणाचा पाया आणि माथा इथे फोर्स-बॅलन्सच हवा. शाळा, इस्पितळं, गावोगावची दाट जाळी यांसाठी मेम्स घ्या.