घरपोच भाडेकरार आणि पोलीस व्हेरिफिकेशन: सर्व्हिस मस्त, पण व्हेरिफाय नक्की काय झालं?

एजंटला ५ पैकी ४. व्हेरिफिकेशनला २, तेही जड मनाने.

पूर्व उपनगरात आमचा वन आरके आहे, तो भाड्याने द्यायचा होता म्हणून यावेळी घरपोच रजिस्ट्रेशनवाल्याला बोलावलं. पोरगा लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन घेऊन वेळेवर आला. घर आईच्या नावावर आणि तिचे ठसे काही केल्या उठेनात, तर याने न कंटाळता हात पुसायला लावले, क्रीम लावायला लावलं, एकेक बोट ट्राय केलं आणि शेवटी डाव्या हाताच्या अनामिकेवर काम झालं. स्टॅम्प ड्युटी पाव टक्का (डिपॉझिटवरचं १० टक्के व्याज पण त्यात धरतात), मुंबईत रजिस्ट्रेशनचे १००० रुपये, त्याची फी वेगळी, सगळं आधीच कागदावर लिहून दिलं, वर चहापाणी वगैरे काही नाही. करार रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची असते आणि नाही केला तर ३ महिने कैद किंवा ५००० दंड होऊ शकतो हे पण त्यानेच आईला सांगितलं. आई त्याला जेवूनच जा म्हणत होती.

आता दुसरा भाग. आमचा भाडेकरू पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादचा, जरीकाम करणारा, बायको आणि एक लहान मुलगी. सोसायटीच्या ग्रुपवर त्याचं नाव टाकलं आणि सेक्रेटरी काकांचा पाच मिनिटांत मेसेज, 'बंगाली बोलतोय म्हणजे बांगलादेशी, एनओसी देणार नाही, आधी पोलीस व्हेरिफिकेशन दाखवा'. दाखवलं. पोलिसांच्या साइटवर फॉर्म भरला, त्यात फोटो, आधार, गावचा पत्ता, कामाचं ठिकाण, ओळखणाऱ्या लोकांची नावं, नंबर. सबमिट केल्यावर पावती निघते आणि काकांना तेवढ्याने समाधान झालं. मला नाही झालं, कारण ती पावती 'माहिती मिळाली' एवढंच म्हणते. चौकीवर जाऊन विचारलं की गावी कोणी चौकशी करणार का, तर हवालदार साहेब हसून म्हणाले ताई, पावती जपून ठेवा.

घुसखोर शोधू नयेत असं मी अजिबात म्हणत नाहीये. बिनकागदाचा माणूस मिळेल त्या पगारात राबतो, घरमालक पण त्याच्याकडून दुप्पट भाडं उकळतो, आणि नुकसान कायद्याने राहणाऱ्याचं होतं. पण आपण तपासतोय काय? आधार? आधारच्या २०१६ च्या कायद्यातच लिहिलंय की तो नागरिकत्वाचा पुरावा नाही, मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेला परदेशी माणूससुद्धा रीतसर आधार काढू शकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने एका जामिनाच्या केसमध्ये हेच म्हटलं, आधार, पॅन, मतदार कार्ड आहे म्हणून कोणी भारतीय ठरत नाही. म्हणजे एजंटच्या मशीनवर अंगठा जुळला याचा अर्थ हा माणूस तोच आहे एवढाच.

बरं, आधार चालत नाही तर बिचाऱ्या मुर्शिदाबादवाल्याने दाखवायचं काय? परदेशी नाही हे सिद्ध करायचा भार त्याच्यावरच, परदेशी लोकांबद्दलच्या जुन्या १९४६ च्या कायद्यात होता तसाच १ सप्टेंबर २०२५ पासूनच्या नव्या कायद्यात पण. जून २०२५ मध्ये मुंबई भागातून पकडलेल्या बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकललं आणि मग फ्लॅग मीटिंग (दोन्ही देशांच्या सीमा दलांची बैठक) करून परत आणावं लागलं, आपलीच माणसं होती ती. युतीच्या काळात १९९८ ला पण असंच झालं होतं, इथून पकडून नेलेल्यांची ट्रेन पश्चिम बंगालमधल्या उलुबेरियाला जमावाने अडवली होती. काकांना हे सांगितलं तर म्हणाले थोडी चूक होतेच. आमच्या भाडेकरूने करार आणि पावती दोन्ही लॅमिनेट करून घेतलेत, त्याच्यासाठी ती थोडी चूक म्हणजे बायको-पोरीसकट सीमा.

मला विचाराल तर जोर लावायचा तो खोटे दाखले बनवणाऱ्यांवर लावा, नव्या कायद्यात बनावट पासपोर्ट-व्हिसाला २ ते ७ वर्षं आहेत, आणि जन्मदाखल्याची खात्री तो देणाऱ्या ऑफिसातूनच करा. वेळ लागेल, लागू दे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उच्चार ऐकून नागरिकत्व ठरवायला कितीसा वेळ लागतो म्हणा.

एनओसी मिळाली शेवटी, काकांनी फक्त 'दर ११ महिन्यांनी नवीन व्हेरिफिकेशन' अशी अट घातली. तर सर्व्हिस घ्या, नक्की घ्या, पण पोलीस फॉर्म एजंटला एकट्याला भरू देऊ नका, शेजारी बसून स्पेलिंग आणि गावचा पूर्ण पत्ता आधारशी जुळवा, बंगाली नावांत हमखास घोळ होतो, आणि सबमिट व्हायच्या आधीच सांगा कारण नंतर दुरुस्ती करायला एजंट फोन उचलत नाही (५ मधला कापलेला १ त्याचाच).