३७ पट्ट्यांचा टॉय पियानो : वाद्य म्हणून कसा आहे?

आधी निकाल सांगून टाकते. खऱ्या पियानोला जागा नाही, म्हणून त्याऐवजी टॉय पियानो घ्यायचा विचार असेल तर घेऊ नका. पियानोची हौस यावर भागत नाही. पण याचा स्वतःचा आवाज आवडला असेल तर जरूर घ्या, आणि घ्यायचाच तर ३७ पट्ट्यांचा. २५ पट्ट्यांत दोनच सप्तकं मिळतात आणि दोन्ही हात सारखे एकमेकांच्या वाटेत येतात.

मी पियानो शिकवते, त्यामुळे पहिल्यांदा उघडून बघितलं ते आतलं काम. तारा नाहीतच. एका जड धातूच्या ठोकळ्यात पोलादी सळया एका टोकाने घट्ट बसवलेल्या, दुसरं टोक मोकळं. पट्टी दाबली की प्लास्टिकची बोटाच्या पेराएवढी हातोडी सळीवर आपटते. या वाद्याचं सगळं गाणं या सळीत आहे. तारेचे उपस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे वरचे बारीक सूर, मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा सरळ हिशेबात येतात. सळीचा पहिलाच उपस्वर सहा पटींच्याही थोडा पुढे, म्हणजे अडीच सप्तकांहून वर जाऊन पडतो, आणि तो मूळ सुराशी जुळत नाही. ती जी किणकिण ऐकू येते, ती याचीच. त्यामुळे चार सूर एकदम दाबले की नुसता कल्लोळ होतो. दोनच सूर, तेही लांबच्या अंतरावरचे, वाजवून बघा. मला तो आवाज इतका आवडतो की हल्ली मी दोन्ही हातांना एकेकच सूर देते.

सूर दाबणारं नमद्याचं काहीही आत नाही. बोट ठेवा की उचला, आस, म्हणजे सुराचा मागे रेंगाळणारा नाद, आपल्या गतीने विरते. खालच्या सप्तकात ती चांगली रेंगाळते, म्हणून तिथे द्रुत ताना घेऊ नयेत, सगळं एकमेकांत कालवतं. वरच्या टोकाला उलट. तिथे सूर कमी आणि हातोडीचा ठक् जास्त. काहींना तो खटकतो. मी म्हणते, तो आवाजाचाच भाग आहे, ताल धरायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

पट्ट्यांवर मात्र मी नाराज आहे. अगदी हलक्या हाताने दाबलं तर हातोडी सळीपर्यंत पोचतच नाही, आणि एकच सूर भरभर वाजवताना ती परत येईपर्यंत थांबावं लागतं. लहान-मोठा आवाज काढता येतो, पण फरक थोडा, आणि तो मनगटापेक्षा बोटाच्या टोकाने काढावा लागतो. माझ्या नगात मधल्या सप्तकातला एक सूर चढा आहे. कंपनीकडून उत्तर आलं की खेळण्याला एवढं चालतं. नाही चालत! सळी मुळाशी किंचित कानशीने घासली की सूर उतरतो, मोकळ्या टोकाशी घासली की चढतो, म्हणजे कारखान्यात मनावर घेतलं तर दोन मिनिटांचं काम. घरी करू नका, घासलेलं परत येत नाही.

हे खेळणंच आहे म्हणणाऱ्यांसाठी थोडं. फिलाडेल्फियात आल्बर्ट शोनहटने १८७२ मध्ये टॉय पियानोची कंपनी काढली, तेव्हा काचेच्या तुकड्यांऐवजी धातू वापरल्यामुळे हे वाद्य टिकाऊ झालं. १९४८ मध्ये अमेरिकन संगीतकार जॉन केजने खास याच्यासाठी रचना लिहिली, तीही फक्त नऊ पांढऱ्या पट्ट्यांवर. पियानोवादक मार्गारेट लेंग टॅन तर टॉय पियानोच्या मैफली करतात, १९९७ मध्ये त्यांचा टॉय पियानोचा अल्बम आला. केजची रचना शिकायला घ्या. पियानोची सवय झालेल्या बोटांना आधी अडखळायला होतं, मग प्रत्येक सुराची आस ऐकायची सवय लागते. माझ्या विद्यार्थ्यांच्या खऱ्या पियानोवरच्या वादनातही त्यामुळे फरक पडला.

विकत घेताना प्रत्येक पट्टी वाजवून बघा, काळ्यासुद्धा. स्वस्त नगांवर काळ्या पट्ट्या कधी कधी नुसत्या रंगवलेल्या असतात. आणि घरी आणल्यावर गादीवर ठेवू नका. पोकळ लाकडी टेबलावर ठेवला की खालचं सप्तक भरून येतं.