अभियांत्रिकी की नर्सिंग? खानापूरच्या विद्यार्थ्यापुढील दोन वाटा
बेळगावात मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या अभियांत्रिकी पदवीला 4 वर्षे लागतात आणि बी.एस्सी. नर्सिंगलाही तितकीच; मात्र पहिली वाट बहुधा बेंगळुरू-पुण्याकडे नेते, तर दुसरी कर्नाटकातल्या पण मराठी बोलणाऱ्या खानापूर तालुक्यातल्या आरोग्य केंद्रापर्यंतही पोहोचू शकते. पीयूसीला (अकरावी-बारावीला) जीवशास्त्र नसेल, तर बी.एस्सी. नर्सिंगचा प्रवेश मिळत नाही; तेव्हा 3 वर्षांची जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिसेवा) पदविका उरते. पगारात अभियंता सहसा पुढे असतो, हे मान्यच करावे लागेल. तरीही याच तालुक्यातल्या कणकुंबीकडच्या एखाद्या आजीला गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे कन्नड चिठ्ठीवरून वाचून मराठीत समजावणारी परिचारिका मला अधिक मोलाची वाटते. त्यासाठी कन्नड नीट लिहिता-वाचता आलेच पाहिजे, आणि त्याची तयारी प्रवेशाआधीच सुरू करावी.